गाड्याबरोबर नळ्याची यात्रा: प्रवास चाकानं बदलला की वाटेनं?

गिरणाकाठ (धागाकर्ता) | शनिवार, रात्री १०:४०

परवा धुळ्याहून जळगावला येताना पारोळ्याच्या अलीकडे एका ढाब्यावर थांबलो. शेवभाजी झकास होती, पण तो विषय वेगळा. भिंतीवर बैलगाडीचं चाक टांगलेलं आणि आऱ्यांना निळ्या दिव्यांची माळ गुंडाळलेली. माझा सात वर्षांचा पोरगा बराच वेळ बघत बसला आणि म्हणाला, "पप्पा, घड्याळाचे काटे कुठंयत?" बारा आरे मोजले होते त्यानं.

हसलो, पण घास जरा अडकलाच. आमच्या आजोबांची गाडी वडिलांनी अशीच कुणाला तरी देऊन टाकली होती. आमचं गाव भडगाव तालुक्यात, गिरणेच्या काठाला. पाचोऱ्याचं स्टेशन सात कोस. आजोबा पहाटे तीनला गाडी जुंपायचे तेव्हा कुठे दुपारची गाडी सापडायची. हेही उन्हाळ्या-हिवाळ्यातलं सांगतोय. मृग लागला की गाडी गोठ्याला टेकवून ठेवायची, ती दसऱ्यापर्यंत. काळी जमीन, गुडघाभर चिखल. अडीनडीला माणूस पायी जायचा, नाहीतर जायचाच नाही.

रात्री घरी येऊन थोडं वाचलं. पोलंडमध्ये ब्रोनोचित्से इथं सापडलेल्या एका मडक्यावर चार चाकांच्या गाडीचं चित्र कोरलेलं आहे, साधारण साडेपाच हजार वर्षांपूर्वीचं. स्लोव्हेनियात ल्युब्लियाना शहराजवळच्या दलदलीत २००२ साली लाकडी चाक आणि आस दोन्ही मिळाले. ते सुमारे ५,१५० वर्षांचे. म्हणजे माणसाकडे चाक येऊन पाच हजार वर्षं झाली, तरी माझ्या आजोबांना वर्षातले चार महिने चाक नव्हतंच.

म्हणून प्रश्न पडला. शाळेत शिकवतात की चाकाच्या शोधानं माणसाचा प्रवास बदलला. मला वाटतं तो वाटेनं बदलला आणि नाव चाकाचं झालं. तुम्हाला काय वाटतं? खान्देशातल्या लोकांनी आपापल्या गावचं सांगितलं तर जास्त आवडेल.

तापीपुत्र | शनिवार, रात्री ११:१५

चांगला धागा. पण पोलंड-स्लोव्हेनियाआधी आपलं घर बघा की. हडप्पाकालीन मातीच्या खेळण्यातल्या गाड्या ढिगानं मिळाल्यात, भरीव चाकांच्या. आणि आपल्या शेजारी, प्रवरेच्या काठी दायमाबादला १९७४ साली चार ब्राँझच्या मूर्ती सापडल्या. त्यातली एक म्हणजे दोन बैल जुंपलेला रथ आणि त्यात उभा माणूस. लांबी ४५ सेंटिमीटर. बाकीचे तीन हत्ती, गेंडा आणि रेडा, आणि गंमत म्हणजे तेही चाकांवर. शेतकऱ्याला झाडाचं खोड खणताना सापडल्या, पुरातत्त्ववाल्यांना नाही.

चाकाचा शोध भारतातलाच, असं माझं स्पष्ट मत.

गिरणाकाठ | शनिवार, रात्री ११:३२

@तापीपुत्र, दायमाबादचं लिहायला हवंच होतं, आभार. पण "शोध आमचाच" इथं धागा गेला की दोनशे प्रतिसाद होतात आणि हाती धुपाटणं. पोलंड, मेसोपोटेमिया, काळ्या समुद्राचा परिसर, सगळीकडे थोड्याफार फरकानं एकाच सुमाराचे पुरावे आहेत. कुणी आधी हा वाद अभ्यासकांचाही मिटलेला नाही. तो इथं नको.

बाभळीचा_तुंबा | रविवार, सकाळी ७:०५

आमचं घर सुतारकीचं. वडील आणि काका बैलगाड्या करायचे, मी आता फर्निचर करतो. चाक म्हटलं की लोकांना गोल दिसतो, आम्हाला तुंबा दिसतो, म्हणजे आस जातो तो चाकाचा मधला गड्डा. म्हणून थोडं लांबण लावतो.

पहिली गोष्ट, ओंडका आडवा कापला की चाक तयार, हे चित्रात दिसतं तेवढंच. तशी चकती वाळली की मधून तडकते आणि काठाला वजन आलं की तिचा तुकडा पडतो. म्हणून जुनी भरीव चाकंसुद्धा उभ्या फळ्या जोडूनच केलेली असतात. फळ्या सरळ चिरायच्या, त्यांना भोकं पाडून घट्ट सांधायचं, म्हणजे नीट हत्यार पाहिजे. चाक उशिरा आलं त्याचं हे एक कारण असावं.

दुसरी गोष्ट आसाची. आस जाड केला तर घासतो, बैल दमतात. बारीक केला तर मोडतो. तुंब्याचं भोक सैल झालं की चाक डुलतं, घट्ट झालं की पेट घेतं. (खरंच धूर निघतो, मी पाहिलाय.) चाकाची अर्धी अक्कल या भोकात आहे.

मग आरे. आमच्याकडे बारा आरे आणि सहा पुठे (काठाचे वाकडे तुकडे), एका पुठ्यात दोन आरे. लाकूड सगळं बाभळीचं. भरीव चाकापेक्षा आऱ्यांचं चाक कितीतरी हलकं, पण प्रत्येक आरा एकाच मापाचा आणि एकाच ताणाचा बसला पाहिजे. आमचे काका आऱ्यावर हातोडी मारून आवाज ऐकायचे. बद्द वाजला की काढ बाहेर.

शेवटी धाव, म्हणजे चाकावरची लोखंडी पट्टी. धावेचं कडं लाकडी चाकापेक्षा जरासं लहानच ठेवतात. गोवऱ्यांच्या गोल आगटीत ते लाल करायचं, म्हणजे पसरतं. तिघांनी सांडशीनं उचलून चाकावर ठोकून बसवायचं आणि लगेच पाणी ओतायचं. लोखंड आवळतं तसा सगळा सांगाडा करकर वाजत एक होतो. त्या दिवशी आमच्या दारात निम्मं गाव जमायचं. उन्हाळ्यात लाकूड आकसून धाव सैल झाली की गाडी नदीत नेऊन पाण्यात उभी करायची, चाकं फुगून परत घट्ट.

आणि नळा! शीर्षकात नळा लिहिलाय म्हणून सांगतो, नव्या पोरांना "गाड्याबरोबर नळ्याची यात्रा" मधला नळा म्हणजे पाण्याचा नळ वाटतो. वंगण ठेवायचं बांबूचं नळकांडं ते, गाडीखाली लटकायचं. एरंडेलात भिजवलेला बोळा आत. गाडी पंढरपूरला गेली की नळाही फुकटात पंढरपूरला. पण मी म्हणतो, नळा नसता तर गाडी तरी वेशीबाहेर गेली असती का?

आप्पा_शिरपूरकर | रविवार, सकाळी ८:२०

भो, एक नंबर लिखं! आमना गावमा आते फक्त दोन गाडा शेतस, त्याबी टायरन्या.

लदेणी | रविवार, सकाळी ११:४८

धागाकर्त्याशी सहमत, पण मी एक पाऊल पुढे जाईन. या भागात मोठ्या पल्ल्याचा माल शेकडो वर्षं चाकावर कमी आणि बैलाच्या पाठीवर जास्त गेला. आमच्या लमाण समाजाच्या तांड्यांनी मीठ, धान्य, कापूस वाहिला तो पाठीवर गोण्या लादून. सतराव्या शतकात तावेर्निये हा फ्रेंच व्यापारी सुरत-बऱ्हाणपूर वाटेनं आपल्या खान्देशातून गेला. त्यानं दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिल्याचं लिहून ठेवलंय. अरुंद वाटेवर तांडा समोरून आला की गाडीवाल्यांना दोन-दोन, तीन-तीन दिवस थांबावं लागायचं. चाकवाला थांबायचा, पाठवाला जायचा!

कारण सोपं आहे. लादलेल्या बैलाला फक्त पायवाट लागते. गाडीला रुंदी लागते, उतार लागतो, नदीला धड उतारा लागतो. आणि मुक्कामाला बैल चरायला सोडला की भाडं वसूल.

हे फक्त आपल्याकडचं नाही. पश्चिम आशियात तर चाक येऊन रुळल्यावर उंटानं त्याला हाकललं. रोमन सडका मोडकळीला आल्या, उंट स्वस्तात माल न्यायला लागला आणि पुढची कित्येक शतकं तिथं गाडी जवळजवळ दिसेनाशी झाली. उलटं उदाहरण इंकांचं. अँडीज पर्वतात हजारो किलोमीटरच्या बांधीव वाटा, झुलते पूल, आणि चाक एकही नाही. मेक्सिकोकडे मुलांची चाकाची मातीची खेळणी मिळालीत, पण गाडी नाही. म्हणजे चाक "सुचणं" हा मुद्दाच नव्हता. ओढायला जनावर नव्हतं, डोंगर होते, गरज पडली नाही.

बाभळीचा_तुंबा | रविवार, दुपारी १२:१०

@लदेणी, पटलं. पण एका बैलाच्या पाठीवर दोन-अडीच मणाच्या वर लादता का? तीच जोडी गाडीला जुंपली की वीस मण सहज ओढते. वाट चांगली असली तर!

लदेणी | रविवार, दुपारी १२:२५

"वाट चांगली असली तर" म्हणालात ना, मग आपण एकच बोलतोय :)

जुना_जळगावकर | रविवार, दुपारी ३:३०

आमच्या जळगावच्या रथाचं कुणी कसं काढलं नाही? कार्तिकी एकादशीचा श्रीराम रथ, अप्पा महाराजांनी १८७२ मध्ये सुरू केलेला. एवढी मोठी लाकडी चाकं आणि वळायची काहीच सोय नाही. ना ब्रेक, ना स्टिअरिंग. सगळा कारभार मोगरीवाल्यांच्या हातात. चाकाखाली लाकडी मोगरी सरकवायची, म्हणजे ते चाक अडतं आणि दुसरं पुढे जातं, तसा रथ वळतो. चालत्या चाकापुढे हात घालायचा असतो, गंमत नाही. लोक रथाच्या पाया पडतात. मी लहानपणी मोगरीवाल्यांकडेच बघत बसायचो.

अवांतर: यात्रेत भगतानं बारागाड्या ओढायच्या हेही आपल्याकडचंच. एकामागे एक बांधलेल्या बारा गाड्या, वर माणसं लदलेली, आणि ओढणारा एक. श्रद्धा आपल्या जागी, पण गाड्यांना त्या दिवशी वंगण भरपूर घातलेलं असतं, हे आमच्या मामांचं मत. (ते स्वतः घालायचे.)

भुसावळ_यार्ड | रविवार, रात्री ९:०२

रेल्वेत छत्तीस वर्षं काढली, त्यातली बरीच चाकांजवळ. सुतारभाऊंचा प्रतिसाद वाचून राहवलं नाही.

वाफेच्या इंजिनाच्या चाकाला बाहेरून पोलादी टायर असायचा. तो कसा बसवत? तापवून, पसरवून, चाकावर चढवून, थंड करून. तुमच्या दारात गोवऱ्यांवर जे व्हायचं तेच! साहेबानं ते वर्कशॉपमध्ये नेलं आणि मापाला मायक्रोमीटर लावला, एवढाच फरक.

आता धागाकर्त्याच्या दलदलीतल्या चाकाविषयी. त्या चाकात आस चौकोनी खाचेत पक्का बसवलेला होता, म्हणजे चाक आणि आस एकत्र फिरायचे. बैलगाडीत आस स्थिर राहतो आणि चाकं सुटी फिरतात, म्हणून वळताना बाहेरचं चाक जास्त फिरतं आणि गाडी सहज वळते. एकत्र फिरणाऱ्या चाकांना ते जमत नाही, एक चाक फरफटतं. आणि तरी रेल्वेचं चाक आजही आसाशी पक्कं जोडलेलं असतं! मग आगगाडी वळते कशी? चाकाचा रुळावर टेकणारा भाग सपाट नसतो, किंचित निमुळता असतो. आतल्या बाजूला मोठा, बाहेर लहान. वळणावर जोडी थोडी बाहेर सरकते, बाहेरचं चाक मोठ्या व्यासावर चालतं, आतलं लहान व्यासावर. झालं काम. आतली कड, जिला आम्ही फ्लँज म्हणतो, ती नेहमी रुळाला घासत नसते. ती घासायला लागली की कर्कश्श आवाज येतो, तीव्र वळणावर ऐकला असेल.

लोखंडावर लोखंड चालतं तेव्हा अडथळा रबरी टायरच्या जवळपास दहावा हिस्सा. म्हणून एक इंजिन अख्खी मालगाडी नेतं. पण अट काय, आख्ख्या वाटेवर लोखंड अंथरा. म्हणजे तुमचाच मुद्दा: वाट आधी, चाक नंतर.

मुंबई-ठाणे १८५३. भुसावळहून नागपूरपर्यंत रूळ १८६७ ला पोचले. त्याआधी वऱ्हाडचा कापूस बैलांवरून महिनोन् महिने प्रवास करायचा, पावसात भिजायचा. उधना-जळगाव तापी खोऱ्याची लाईन १९०० ची, चाळीसगाव-धुळे फाटाही त्याच साली. भुसावळ हे गाव म्हणजे चाकानं वसवलेलं गाव आहे, याबद्दल कुणी वाद घालू नये.

आणि आमची पीजे! पाचोरा-जामनेर, अडीच फुटी रूळ. चालत्या गाडीतून उतरून पळत पुन्हा चढता यायचं, असं लोक सांगतात. मी करून पाहिलंय. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये थांबली ती छोट्या रुळावर परत धावली नाही. मोठ्या रुळाचं काम निघालंय.

माहेरवाशीण | सोमवार, सकाळी १०:१६

सगळे पुरुष कापूस आणि मालगाड्यांवर बोलताय. प्रवास बाईचाही असतो हो.

माझ्या आजीचं सासर चोपड्याकडे, माहेर अमळनेरजवळ. मध्ये तापी. वर्षातून एकदा आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मुऱ्हाळी, म्हणजे माहेरचा न्यायला येणारा, यायचा, तोही दमणी (छपराची बैलगाडी) घेऊन, कारण सूनबाईनं पायी जाणं शोभत नसे. वरून ताडपत्री, आत गोधडी, पायाशी पाण्याचा मटका. तापीत पाणी कमी असलं तर गाडी उतारानं जायची, जास्त असलं तर बैल सोडून गाडी नावेवर चढवायची. "कधी गाडीवर नाव, कधी नावेवर गाडी" आजी शब्दशः जगली. पोचायला दीड दिवस. आजी म्हणायची, गाडीच्या धक्क्यांनी माहेर यायच्या आधीच हाडं माहेराला पोचायची.

एसटी आली (पहिली बस १ जून १९४८, पुणे-नगर, आमच्या बाजूला बऱ्याच नंतर) आणि आईचं माहेर तीन तासांवर आलं. माझं तर मोटरसायकलवर चाळीस मिनिटांवर. पण मला खरा फरक वाटतो तो सायकलचा. आमच्या गावातून आठवीच्या पुढे मुली शिकायच्या नाहीत, कारण शाळा साडेचार किलोमीटर. मला वडिलांनी १९९१ ला जुनी सायकल घेऊन दिली. पहिला महिना लोक दारात उभे राहून बघायचे. दुसऱ्या वर्षी सहा जणी झालो. आता सरकारच्या मानव विकास योजनेच्या निळ्या बसमधून पोरी जातात, त्यांना यात काही विशेष वाटत नाही. बरंच आहे.

सायकलला ना बैल लागतो, ना चारा, ना कुणाची परवानगी. हां, परवानगी लागायची. पण एकदाच.

बाभळीचा_तुंबा | सोमवार, सकाळी ११:००

ताई, सायकलच्या चाकाची गंमत सांगतो. आमच्या लाकडी चाकात वजन खालच्या आऱ्यावर उभं राहतं, खांबासारखं. सायकलचे आरे इतके बारीक की खांब म्हणून एकही टिकणार नाही. म्हणून ते सगळे ताणून ठेवलेले असतात. दुकानदार चाकाचा 'आउट' काढतो तो हाच ताण सारखा करायला. विचारच उलटा केला बघा कुणीतरी.

भुसावळ_यार्ड | सोमवार, दुपारी १:२०

आणि हवेचा टायर. डनलॉपनं १८८८ ला केला. त्याच्या चाळीस-एक वर्षं आधी थॉमसननं पेटंट घेतलं होतं, पण तेव्हा सायकलच धड नव्हती, कोण विचारतो! हवेच्या टायरनं पहिल्यांदाच असं झालं की चाकानं वाट सुधारायची वाट पाहिली नाही, खड्डा स्वतःच्या पोटात घेतला.

गिरणाकाठ | सोमवार, दुपारी २:०५

@भुसावळ_यार्ड, हे माझ्या विरोधात जातंय, पण मान्य आहे. वाट सगळं ठरवते असं म्हणणं थोडं मागे घेतो.

पाटणादेवी | सोमवार, सायंकाळी ६:४०

चाळीसगावकर गप्प कसे? आमच्या पाटणला भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांचा नातू चांगदेव यानं मठ काढला, त्याचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सिद्धांतशिरोमणीत एका अजब चाकाचं वर्णन केलंय. पोकळ आरे, त्यांत अर्धा पारा भरायचा, तोंडं बंद करायची. एकदा फिरवलं की पारा एका बाजूला धावत राहील आणि चाक आपोआप फिरत राहील. अर्थात फिरत नाही, घर्षण कुणाला चुकलंय! पण इथं नऊशे वर्षांपूर्वी बैलाशिवाय फिरणाऱ्या चाकाचा विचार झाला होता.

(तापीपुत्र, विमानापर्यंत नेऊ नका. विनंती आहे.)

तापीपुत्र | सोमवार, सायंकाळी ६:५५

नाही नेत. पारा ऐकूनच खूश आहे.

सातपुडा_मास्तर | सोमवार, रात्री १०:३०

धडगावकडच्या एका पाड्यावर शिक्षक आहे. वर माझ्या पाड्याचं कुठेच आलं नाही, कारण तिथं चाक येत नाही. शेवटचा डांबरी रस्ता संपतो तिथून चार किलोमीटर चढ-उताराची पायवाट. माझी मोटरसायकल एका घराच्या अंगणात ठेवतो आणि पुढे चालतो.

गेल्या श्रावणात पाड्यावरची एक बाई अडली. फोनला रेंज नाही, एक पोरगा टेकडीवर पळत गेला तेव्हा गाडी बोलावली गेली. गाडी डांबर संपतं तिथं येऊन उभी राहिली. बांबूला घोंगडी बांधून झोळी केली आणि आठ जणांनी पाळीपाळीनं खांदा दिला. इकडचे लोक तिला गमतीनं 'बांबुलन्स' म्हणतात. नाल्याला पाणी होतं तिथं चौघं छातीभर पाण्यात उभे, झोळी हातांवर. दोन तास पंचवीस मिनिटं. नंतर गाडीत बसल्यावर दवाखाना पस्तीस मिनिटांत.

बाळ-बाळंतीण सुखरूप. रस्ता कागदावर दोनदा झालाय म्हणतात.

लदेणी | सोमवार, रात्री १०:५२

सर, वरचं सगळं आमचं बोलणं एका बाजूला आणि हे एका बाजूला.

माहेरवाशीण | मंगळवार, सकाळी ९:१२

मुलगी झाली की मुलगा?

सातपुडा_मास्तर | मंगळवार, रात्री ९:४०

मुलगी. (रेंजमध्ये आलो की उत्तर देतो, उशीर झाला.)

गिरणाकाठ | बुधवार, रात्री ११:१०

मास्तरांचा प्रतिसाद वाचल्यापासून काही लिहावंसं वाटत नव्हतं. एक शब्द मात्र डोक्यात घोळतोय. 'चाकोरी' आपण कंटाळ्याच्या अर्थानं वापरतो, चाकोरीतलं आयुष्य वगैरे. मूळ चाकोरी म्हणजे गाडीच्या चाकांनी पडलेली वाट. आमच्या आजोबांना चाकोरी सापडली की ते बैलांचा कासरा सैल सोडून झोपायचे. बैल बरोबर घरी आणायचे. चाकोरी नसलेल्या माणसाला विचारलं तर तो कंटाळा म्हणणार नाही.

बाकी, आज परत त्या ढाब्यावर गेलो होतो. मालकाला चाक विकत मागितलं. तो म्हणाला, लोक त्यासमोर फोटो काढतात, देणार नाही. धावेवरचा जोड निरखून पाहिला, आमचं नव्हतं बहुतेक. पण वडिलांना सहज फोनवर सांगितलं तर म्हणाले, चाकं दिली रे, आस दिला नव्हता, माळ्यावर आहे. नळा पण असेल बघ तिथंच.

@बाभळीचा_तुंबा, आस असला तर त्याच्या मापानं चाकांची जोडी होईल का? बाभूळ आमच्या बांधावर आहे.

बाभळीचा_तुंबा | गुरुवार, सकाळी ६:५०

होईल, पण ओली बाभूळ लगेच चालत नाही. कापून सावलीत वाळवायची, वर्ष तरी जाईल. आसाच्या दोन्ही टोकांची जाडी सुतळीनं मोजून कळवा. लोहार मात्र शोधावा लागेल. धाव चढवणारा आमच्या पंचक्रोशीत एकच उरलाय आणि त्याला दिसत कमी.

आप्पा_शिरपूरकर | गुरुवार, सकाळी ७:३०

लोहार आमना गावमा शे भो. नंबर निरोपमा धाडस.